पोपडे धरलेली भिंत, गंजलेली ग्रिल, पॉलिशचा दरवाजा: रंगाआधीची तयारी कशी करावी?

कोरी_पाटी

रंग कुठला घ्यावा हा प्रश्न नाही, रंगाच्या खाली काय करायचं ते विचारायचं आहे. तीन गोष्टी आहेत.

१. भिंत. आधी ऑइल पेंट होता. त्यावर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी दोन हात, वॉटरबेस प्रायमर एक हात, इमल्शन दोन हात. वर्षाच्या आत खराब झाली. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत फुगे येतात, फोडले की आत पांढरी भुकटी असते. छातीच्या उंचीवर मात्र भिंत कोरडी दिसते, तरी तळहाताएवढे पापुद्रे पुट्टीसकट सुटतात. समोरच्या भिंतीला नवा सिमेंटचा गिलावा करून सहा आठवडे झालेत, तिला अजून काहीच लावलेलं नाही.

२. खिडकीची ग्रिल. गज साध्या लोखंडाचे आणि गंजलेले. बाहेरची चौकट गॅल्वनाइझ्ड (जस्ताचा, म्हणजे झिंकचा थर दिलेली), तिच्यावरचा जुना रंग नखाने अख्खा सोलून निघतो आणि खाली धातू लख्ख दिसतो.

३. दरवाजा. भरीव लाकूड, पॉलिश केलेलं, दोनतीन ठिकाणी गाठी. आता त्याला पांढरा रंग द्यायचा आहे.

आणि तो नेहमीचा वाद: प्रायमर आधी की पुट्टी आधी? ज्याला विचारावं तो वेगळं सांगतो.

ओळंबा

एकाच भिंतीवर दोन वेगळे दोष दिसताहेत, तेव्हा आधी ते वेगळे करा.

निघालेला पापुद्रा टाकून देऊ नका. उलटा करून उजेडात धरा. पाठ गुळगुळीत, किंचित चकचकीत आणि जुन्या रंगावरच्या ब्रशच्या रेघा तिच्यावर उमटलेल्या असतील, तर पुट्टीने ऑइल पेंटला धरलंच नव्हतं. पाठीवर पिठासारखी पूड असून ती बोटाला लागत असेल, तर खाली जुनं डिस्टेंपर, चुना किंवा पॉलिश पेपरची न पुसलेली धूळ आहे. पाठीला वाळूचे कण चिकटून आले असतील तर गिलावाच सैल झालाय. आणि नुसता रंगाचा पातळ पापुद्रा सुटून प्रायमर भिंतीवरच राहिला असेल, तर प्रायमरमध्ये पाणी जास्त पडलं होतं किंवा तो बरेच दिवस उघडा राहून धूळ धरून बसला होता. रंग नेहमी सगळ्यात कच्च्या थरातून सुटतो. वरचा रंग कितीही महागाचा घेतला तरी तो थर सुधारत नाही.

तुमच्या छातीच्या उंचीवरच्या पोपड्यांची पाठ गुळगुळीत निघेल असा माझा अंदाज आहे. सिमेंटच्या पुट्टीला पाणी शोषणारा, खरबरीत पृष्ठभाग लागतो. ती छिद्रांत शिरून पकडते. ऑइल पेंटवर शिरायला जागाच नसते, ती नुसती वर सुकते. वर इमल्शन सुकताना थोडं आकसतं आणि तो ताण पुट्टीवर येतो. काही महिन्यांत एखादी कड उचलते, की पुढे सोलायला फार वेळ लागत नाही.

खालच्या भागातली पांढरी भुकटी म्हणजे लोणा. भिंतीतलं पाणी क्षार घेऊन वर येतं, पृष्ठभागाशी पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि रंगाखाली स्फटिक वाढून रंग ढकलतात. याला प्रायमर हे उत्तर नाही, पाणी कुठून येतं ते शोधणं हे उत्तर आहे. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे का, आतून नळ गेलाय का, बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच आहे का, हे तपासा.

ओल आतली की खोलीतल्या हवेची, हे ठरवायला साधी चाचणी आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारही कडा रुंद चिकटपट्टीने भिंतीवर पक्क्या बंद करा, दिवसभर ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब किंवा भिंतीवर काळपट डाग दिसला तर ओल भिंतीतून येते. खोलीच्या बाजूला दव आलं तर दोष हवेच्या दमटपणाचा. एक चौकोन खाली, एक छातीच्या उंचीवर आणि एक नव्या गिलाव्यावर असे तीन लावा. खालचा एकटाच ओला निघाला तर अंदाज पक्का.

कोरी_पाटी

तिन्ही लावून बघितले. खालच्यात भिंतीकडून भरपूर थेंब, बाकी दोन्ही कोरडे. छातीच्या उंचीवरच्या पोपड्याची पाठ गुळगुळीत आणि तुम्ही म्हणता तशा रेघा आहेत. खालच्या पोपड्याला वाळू चिकटलेली. पलीकडे न्हाणीघर आहे.

ओळंबा

मग खालच्या भागाला सध्या हात लावू नका. आधी न्हाणीघराच्या बाजूचे सांधे, फरशीचा उतार आणि नळ दुरुस्त करून घ्या. खोलीच्या बाजूने वॉटरप्रूफ लेप मारून काम भागत नाही. पाणी मागून दाबतं, लेप सुटतो, नाहीतर ओल त्याच्या वरून बाहेर पडते आणि डागाची रेषा फूटभर वर सरकते.

पाणी बंद झालं की सैल गिलावा ओलीच्या सगळ्यात वरच्या रेषेच्या अजून फूटभर वरपर्यंत काढा. उरलेल्या भागावरचा लोणा कोरड्या ब्रशने झाडा आणि सुपलीत गोळा करा. पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. झाडल्यावर आठवडाभर थांबा. पुन्हा आला तर पुन्हा झाडा. यायचा थांबेपर्यंत वर काही लावायचं नाही. मुरलेली भिंत वाळायला जाडीच्या दर इंचाला साधारण महिना असा ढोबळ हिशोब धरतात. हवा खेळती असेल आणि दोन्ही अंगांनी वाळत असेल तर लवकर होतं. नवा गिलावा सिमेंटचाच करा, त्या पट्ट्यात जिप्सम नको, ओलीत तो मऊ पडतो.

रोलर_रमाकांत

वरच्या ऑइल पेंटचं सांगतो. पुट्टी जिथे सुटतेय तिथेच फक्त काढून चालणार नाही. चार इंची पत्र्याने (पुट्टी लावायच्या पात्याने), पंधरा-वीस अंशांत आडवा धरून, जितकी सहज निघते तितकी सगळी काढा. जी निघत नाही तिची परीक्षा घ्या: धारदार ब्लेडने दोनतीन मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा, जाळी झाली की त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि एका झटक्यात ओढा. चौकोन पट्टीबरोबर आले तर तो भागही काढायचा. अशी परीक्षा भिंतीवर चारपाच ठिकाणी घ्या, खिडकीखाली आणि कोपऱ्यात नक्की.

खाली ऑइल पेंट उघडा पडला की तो इमल्शनपेक्षा वेगळा ओळखता आला पाहिजे. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून मिनिटभर घासा. रंग कापसावर उतरला तर इमल्शन, काहीच उतरलं नाही तर ऑइल पेंट.

पक्क्या बसलेल्या ऑइल पेंटला काढायची गरज नसते, चमक घालवावी लागते. आधी साबणाच्या पाण्याने धुऊन तेलकटपणा काढा. हे विसरून थेट घासलं तर तेलकट थर पेपरने आणखी आत दाबला जातो. वाळल्यावर १२० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं घासा, मग १८०. भिंतीवर बल्ब तिरका धरला तर कुठेही चमकणारा ठिपका दिसता कामा नये. चमक राहिली त्या ठिपक्यावरून पुढे रंग सुटतो, विशेषतः स्विचबोर्डाच्या कडेला आणि खिडकीच्या कोपऱ्यात, कारण तिथे हात पोचत नाही.

त्यावर ऑइल पेंटला धरणारा प्रायमर एक हात, आणि खळगे भरायला अॅक्रिलिक पुट्टी. सिमेंटची पुट्टी इथे परत नको.

आणि जुना रंग किती थरांचा, किती वर्षांचा हे माहीत नसेल तर कोरडा घासू नका आणि जाळूनही काढू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. ओलं घासा, तोंडाला बारीक धूळ अडवणारा मास्क लावा, पडलेला कचरा ओलाच गोळा करा, लहान मुलांना खोलीत येऊ देऊ नका.

चुनखडी

प्रायमर आधी की पुट्टी आधी या वादाचा अर्धा भाग असा आहे की लोक ‘पुट्टी’ म्हणजे कुठली ते सांगत नाहीत.

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी: थेट गिलाव्यावर, खाली प्रायमर नाही. गिलावा पाण्याने ओला करायचा, ठिबकणारं पाणी नको पण पृष्ठभाग दमट हवा. मध्ये प्रायमर आला तर शोषण थांबतं आणि पुट्टीला पकड मिळत नाही. शिवाय तिला घट्ट व्हायला पाणी लागतं. कोरडी भिंत ते पाणी ओढून घेते, मग दुसऱ्या दिवशी बोट फिरवलं की पूड निघते. रंगाऱ्याने भिंत ओली न करता पुट्टी लावली तर पोपडे निघायचं हे एक मोठं कारण.

अॅक्रिलिक पुट्टी: खाली प्रायमर एक हात, मग पुट्टी, मग वर प्रायमर. तिच्यातलं बाइंडर (कणांना धरून ठेवणारा चिकट भाग) पाण्यात तरंगतं. तहानलेल्या गिलाव्यावर थेट लावली तर बाइंडर खाली शोषलं जातं आणि वर नुसती भुकटी राहते. ही पुट्टी घासायला सोपी, फिनिश छान देते, पण पाण्याने मऊ पडते. म्हणून बाहेरच्या भिंती आणि न्हाणीघर यांत तिचं काम नाही.

जिप्समचा गिलावा: त्याला पाणी मारायचं नसतं, वाळू द्यायचं असतं. वाळल्यावर प्रायमर, मग लागेल तिथे अॅक्रिलिक पुट्टी. सिमेंटची नको.

पुट्टी कुठलीही असो, रंगाच्या आधी वरून प्रायमर हवाच. पुट्टी सगळीकडे सारखं शोषत नाही. थेट रंग मारला तर जिथे पुट्टी जाड तिथे रंग फिका आणि ठिपक्यांचा दिसतो, आणि तिसरा हात मारूनही तो डाग जात नाही.

नव्या गिलाव्याला तुम्ही सहा आठवडे दिले, बरं झालं. पहिले सात दिवस पाणी मारलं असेल असं धरतो. सर्वसाधारण नियम २८ दिवसांचा, आणि दमट हवेत त्याहून जास्त. ताज्या सिमेंटचा पीएच १२ ते १३ असतो. त्यावर तेलाचा प्रायमर किंवा ऑइल पेंट मारला तर अल्कलीने तेलाचा साबण होतो, रंग चिकट पडतो आणि लोंबतो. वाळली म्हणून भिंत शांत झाली असं नाही, अल्कली आत असतेच. त्यामुळे नव्या गिलाव्यावर अल्कली सोसणारा वॉटरबेस प्रायमरच घ्या.

पॉलिशपेपर_१८०

चुनखडींशी सहमत. पुट्टीचं प्रमाण कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहिते.

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी एक किलोला साधारण ३६० ते ४०० मिली पाणी. बादलीत आधी पाणी, मग पुट्टी थोडी थोडी. ढवळून दहा मिनिटं तशीच ठेवा आणि परत ढवळा, म्हणजे गुठळ्या सुटतात. तीन तासांत संपेल एवढीच कालवा. घट्ट झाल्यावर वरून पाणी टाकून पुन्हा मऊ केलेली पुट्टी वापरायची नाही. ती लावताना मऊ वाटते, पण आतलं जमणं मोडलेलं असतं आणि भिंतीवर ती भुसभुशीतच राहते.

पहिला हात खालून वर, दुसरा आडवा. दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटरपेक्षा जास्त जाडी नको. भिंत जास्त वाकडी असेल तर पुट्टीने सरळ करू नका, गिलाव्याने करा. जाड पुट्टी चिरते आणि वजनाने सुटते. मोठे खळगे आधीच भरा आणि ते बसू द्या, मग सर्व भिंतीवर हात.

पहिल्या हातानंतर किमान तीन तास, दुसऱ्यानंतर रात्रभर. मग घासणं. १८०ने उंचवटे, ३२०ने शेवट. ८० किंवा १०० नंबरने घासू नका. त्याच्या ओरखड्याच्या रेघा इमल्शनखाली दिवसा दिसत नाहीत, दिवा लावला की दिसतात.

घासताना एका हातात टॉर्च हवाच. टॉर्च भिंतीला टेकवून, उजेड भिंतीवरून सरपटत जाईल असा धरा. पत्र्याच्या कडेची एक केसाएवढी रेघ, जी समोरून अजिबात दिसत नाही, तिची सावली अशा उजेडात दोरीसारखी उभी राहते. पेन्सिलने हलकी खूण करा, मग तेवढंच घासा किंवा भरा. खूण पेन्सिलचीच, बॉलपेनची किंवा मार्करची नको, तिची शाई पाण्यातल्या रंगातून वर येते. हेच प्रायमर मारल्यावर पुन्हा करा. पांढरी पुट्टी नजरेला फसवते, प्रायमर सगळा एक रंग झाल्यावर चुका स्पष्ट दिसतात.

घासून झालं की धूळ. आधी मऊ झाडू वरून खाली, मग जवळजवळ कोरडं, नुसतं दमट कापड. तळवा फिरवून बघा. तळवा पांढरा झाला तर अजून पुसायचं आहे. तीनदा पुसूनही पांढराच होत असेल तर ती धूळ नाही, पुट्टीच कच्ची आहे. ती खरवडून काढावी लागते.

कोरी_पाटी

हे सगळं उपयोगी. जिथे दोन भिंती आणि बीम मिळतात तिथे आडवी चीर आहे, दरवेळी भरली की पुन्हा येते. तिथे काय?

ओळंबा

वीटकाम आणि काँक्रीट यांची हालचाल वेगळी असते, म्हणून ती चीर हलती आहे. हलत्या चिरेत सिमेंटची किंवा अॅक्रिलिक पुट्टी टिकत नाही. चीर पत्र्याच्या टोकाने इंग्रजी व्हीसारखी पाच-सहा मिलिमीटर रुंद करा, धूळ झाडा, लवचीक अॅक्रिलिक सीलंट भरा. सुकल्यावर तिच्यावर पन्नास मिलिमीटर रुंदीची फायबरची जाळी चिकटवा आणि दोन्ही बाजूंना हळूहळू पातळ होत जाणारी पुट्टी लावा. जाळी चिरेवर मध्यभागी आली पाहिजे. सिलिकॉन मात्र वापरू नका, त्यावर रंग बसत नाही. केसाएवढ्या बारीक, न हलणाऱ्या चिरांना हे सगळं नको, नुसता क्रॅक फिलर पुरेसा.

तारेचा_ब्रश

ग्रिल. दोन धातू, दोन वेगळे प्रायमर.

लोखंडाचे गज: सैल गंज तारेच्या ब्रशने, मग ८० नंबरच्या एमरीने, मग १२०. धातू चांदीसारखा चमकलाच पाहिजे असं नाही, पण पत्र्याने खरडून गंजाचे पापुद्रे निघता कामा नयेत. खड्ड्यांत राहिलेला पातळ, घट्ट गंज टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्लाच्या रस्ट कन्व्हर्टरने काळा करून घेता येतो. डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुवा आणि लगेच कोरडं करा. सैल गंजावर कन्व्हर्टर म्हणजे फुकटचा खर्च, वरचा थर काळा होतो आणि खालचा गंज तसाच सुटतो.

जोडाच्या ठिकाणी वेल्डिंगचा काळा मळ असतो, तो छिन्नीने टिपून काढा. कोरं लोखंड असेल तर त्यावरची निळसर काळी पापडीही घासून काढायला हवी, ती कालांतराने प्रायमरसकट उचलते.

नंतर थिनरमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कापडाने पुसा, कापड दर दोन गजांनंतर बदला, नाहीतर तेल एका गजावरून दुसऱ्यावर पसरतं. घासलेलं लोखंड त्याच दिवशी, दमट हवेत तर चार तासांच्या आत प्रायमरखाली गेलं पाहिजे. रात्रभर उघडं ठेवलं की पिवळट झाक येते, तो नवा गंजच असतो.

रेड ऑक्साइड किंवा झिंक फॉस्फेटचा मेटल प्रायमर, पातळ दोन हात. मी झिंक फॉस्फेटला झुकतं माप देईन, गंज रोखायचं काम ते जास्त करतं. आधी गजांच्या कडा, जोड आणि वेल्ड यांना ब्रशने एक जादा हात. रंग कडांवरून पातळ होत सरकतो, गंज नेमका तिथेच फुटतो. दोन हातांमध्ये रात्र जाऊ द्या. जाड हात मारला तर वरून कवच बनतं, आतून मऊ राहतं, आणि त्यावर रंग गेला की सुरकुत्या पडतात.

गॅल्वनाइझ्ड चौकट: तिथे रंग सोलून निघतो कारण साधा तेलाचा प्रायमर किंवा एनॅमल झिंकवर टिकत नाही. झिंकशी तेलाची रासायनिक क्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर बनतो. रेड ऑक्साइडचंही तेच होईल. सगळा जुना रंग काढा, डिटर्जंटने धुवा, वाळवा, हलकंच घासा (२२० पुरेसा, झिंकचा थर काढायचा नाही), थिनरने पुसा. मग एच प्रायमर (etch primer, धातूला किंचित खाऊन पकड घेणारा) अगदी पातळ एक हात. तो जाड लागला की भुरभुरतो. नाहीतर गॅल्वनाइझ्डसाठीचा खास अॅक्रिलिक प्रायमर. घासताना झिंक उडून लोखंड दिसलं तर तेवढ्या भागाला झिंक फॉस्फेट.

रोलर_रमाकांत

ब्रशभाऊंच्या एका वाक्यावर जोर देतो. धातू रंगवताना हवेतला दमटपणा ८५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा, आणि धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर हवं. साधा उपाय: हात लावून धातू हवेपेक्षा गार आणि ओलसर वाटत असेल तर काम दुपारपर्यंत लांबवा. भर उन्हात तापलेल्या गजावरही नको, थिनर उडून प्रायमर ब्रशखालीच सुकतो आणि रेघा राहतात.

चपडा

दरवाजाबद्दल, कारण तो इथे कुणाच्या लक्षात आलेला दिसत नाही.

पॉलिशवर थेट पांढरा रंग म्हणजे ऑइल पेंटवर सिमेंटची पुट्टी लावण्यासारखंच. मेणाचं पॉलिश असेल तर आधी मेण काढावं लागतं. टर्पेंटाइनने भिजवलेल्या कापडाने दोनदा पुसा, दुसऱ्या वेळी कापड स्वच्छ. मेणावर काहीही बसत नाही. मग १२० नंबरने रेशांच्या दिशेने, नंतर १८०. आडवं घासलं तर पांढऱ्या रंगाखाली ओरखडे दिसतात. तेलकट जातीचं लाकूड असेल, उदाहरणार्थ साग, तर प्रायमरच्या अगदी आधी थिनरने पुसा. आदल्या दिवशी पुसून उपयोग नाही, तेल परत वर येतं.

गाठींना चपड्याचे (लाखेच्या पॉलिशचे) दोन पातळ हात, गाठीच्या बाहेर दोनतीन सेंटीमीटरपर्यंत, कडा पातळ करत न्यायची. गाठीतली राळ उष्णतेने वर येते आणि पांढऱ्यावर पिवळट तपकिरी वर्तुळ उमटतं. लाकडातला टॅनिन वॉटरबेस प्रायमरच्या पाण्याने वर खेचला जातो, तेव्हा गडद लाकडावर ऑइल-बेस किंवा चपड्याचा डाग अडवणारा प्रायमर घ्या. धूर, पाण्याचे जुने डाग आणि मार्कर यांनाही हाच प्रायमर. इमल्शनचे कितीही हात मारले तरी पाण्यात विरघळणारा डाग प्रत्येक हातात वर येतो.

प्रायमर आधी, भरणं नंतर. कोरं लाकूड लांबीतलं (लाकडाच्या तेलकट पुट्टीतलं) तेल पिऊन टाकतं, लांबी कोरडी होऊन आक्रसते आणि खिळ्याच्या डोक्यांभोवती गोल भेगा पडतात. प्रायमरचा एक हात, रात्रभर सुकवणं, मग लांबी, सुकल्यावर २२०ने घासणं, आणि भरलेल्या जागांवर तेवढ्यापुरता प्रायमरचा हात. वॉटरबेस घेतला तर पहिल्या हातानंतर रेशे उभे राहतात. घाबरायचं काही नाही, २२०ने हळुवार कापा.

दरवाजाची सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे वरची आणि खालची कड. दरवाजा बिजागरीवरच असेल तर ब्रश तिथे पोचत नाही, म्हणून कुणी तिथे काही लावत नाही. आडव्या कापलेल्या रेशांच्या तोंडातून दमटपणा सरळ आत शिरतो, दरवाजा फुगतो आणि चौकटीला घासला जाऊन रंग खरवडला जातो. दरवाजा उतरवा. चौकटीत फट तीन मिलिमीटर नसेल तर प्रायमरआधी रंधा मारा, कारण प्रायमर आणि रंगाचे थर मिळून फट कमी होते. मग सहाही बाजूंना प्रायमर. खालच्या कडेला दोन हात.

लाकडात ओल १२ टक्क्यांच्या आसपास असायला हवी. दोन टोकांचा मीटर मिळाला तर लावून बघा. नाही मिळाला तर निदान न्हाणीघरातल्या दुरुस्तीचं पाणी वाळेपर्यंत तरी दरवाजाला हात नको.

कोरी_पाटी

शेवटचं. प्रायमर मारल्यावर तो नीट बसला हे कसं ओळखायचं, आणि भिंती, ग्रिल, दरवाजा हे सगळं एका वेळी पूर्ण झालं नाही तर प्रायमरवर किती दिवस थांबता येतं? प्रायमरमध्ये पाणी किती घालायचं?

पॉलिशपेपर_१८०

पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. जास्त पाण्याने प्रायमर जास्त जागेवर पसरतो, आणि तेवढंच बाइंडर जास्त जागेत विभागलं जातं. गुळगुळीत पुट्टीवर लिटरला एका हाताचं दहा ते बारा चौरस मीटर काम होतं, कोऱ्या गिलाव्यावर सहा ते आठ. रंगारी वीस चौरस मीटर काढून दाखवत असेल तर डब्यात पाणी जास्त आहे.

दुसऱ्या दिवशी तळवा फिरवा. काही लागता कामा नये. मग रमाकांतांनी सांगितलेली चिकटपट्टी, ब्लेडच्या रेघांशिवाय नुसती दाबून ओढा. पट्टीवर पांढरा थर दिसला तर प्रायमर नीट बसला नाही, वरून रंगाचा हात मारून ते लपतं पण सुधारत नाही. पट्टीला पूडही चिकटली असेल तर दोष प्रायमरखालच्या धुळीचा.

पाण्याचा एक थेंब भिंतीवर सोडूनही बघा. नुसत्या पुट्टीवर तो लगेच आत जातो. नीट प्रायमर झालेल्या भिंतीवर थोडा वेळ गोळा राहतो. एक जागा शोषते आणि शेजारची नाही, असं असेल तर तिथे रंगही डागाळेल. त्या भागाला प्रायमरचा आणखी एक हात द्या.

थांबायचं किती: वॉटरबेस प्रायमरवर चार ते सहा तासांनी रंग मारता येतो, तेलाच्या प्रायमरवर रात्रीनंतर. उलट बाजूने, आतल्या भिंतीवर दोन आठवड्यांपेक्षा जास्त उघडं ठेवू नका, बाहेरच्या ग्रिलला तर आठवडाही जास्त. ऊन-पावसाने प्रायमर पूड धरायला लागतो. लांबलंच तर २२०ने हलकं घासून, पुसून, प्रायमरचा एक पातळ हात पुन्हा द्या, मगच रंग.

तारेचा_ब्रश

ग्रिलला थांबावं लागणार असेल तर प्रायमरवरच निदान रंगाचा पहिला हात देऊन ठेवा. रेड ऑक्साइड स्वतः पाणी पूर्णपणे अडवत नाही, पहिल्याच पावसात त्याच्या खालून गंजाचे तपकिरी ठिपके वर येतात. चुनखडी, बाहेरच्या भिंतीला शेवाळ आणि काळी बुरशी असेल तर काय करायचं तेही एकदा लिहा.

चुनखडी

एक भाग घरगुती ब्लीच, तीन भाग पाणी. लावून दहा-पंधरा मिनिटं ओलं ठेवायचं, ब्रशने घासायचं, साध्या पाण्याने भरपूर धुवायचं. त्यानंतर भिंत किमान दोन कोरडे दिवस वाळू द्यायची, मगच प्रायमर. बुरशी कोरडी खरवडू नका, बीजाणू सगळीकडे उडतात आणि नव्या रंगाखाली पुन्हा उगवतात. हातमोजे आणि चष्मा घाला. ब्लीचमध्ये टाइल साफ करायचं आम्ल किंवा अमोनियाचं क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. आणि बुरशी जिथे वारंवार येते तिथे वर असणारा तुटका पाइप किंवा छज्ज्याची पाणी खाली न टपकवता भिंतीवर ओघळू देणारी कड आधी बघा.